होतकरू गिटारिस्ट

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आढळणारा होतकरू गिटारिस्ट साधारणपणे दहावीच्या सुट्टीत तयार होतो. टक्के चांगले पडले तर बक्षीस म्हणून आणि नाही पडले तर मन रमावे म्हणून, गिटार घरात येतेच. पहिल्या आठवड्यात डाव्या हाताच्या बोटांना फोड येतात. ते तो साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत भेटेल त्याला दाखवतो. दुसऱ्या आठवड्यात तो स्वतःला लीड गिटारिस्ट म्हणवून घेऊ लागतो. वाजवायला सुरुवात त्यानंतर होते.

या वाद्यात कामे दोन. कॉर्ड धरून ठेका चालवणे म्हणजे रिदम, आणि तारेवर एकेक स्वर काढून चाल किंवा सोलो वाजवणे म्हणजे लीड. गाणे उभे राहते रिदमवर, फोटो निघतो लीडचा. म्हणून होतकरू गिटारिस्ट लीडपासून सुरुवात करतो. 'चुरा लिया है तुमने' या 1973 सालच्या गाण्याच्या आरंभीची भूपिंदर सिंग यांची गिटार तो कशीबशी बसवतो आणि जिथे गाणे सुरू होते तिथे थांबतो. अशा अनेक गाण्यांच्या सुरुवाती त्याच्यापाशी असतात. पूर्ण गाणे एकही नसते. मधला वेळ तो तारा जुळवतो. सहा तारांचा हा विधी इतका लांबतो की आजी आतून विचारते, "सूर लागला का रं? मग आता वाजीव की."

रिदममध्ये त्याचा दोष एकच असतो: जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना डावा हात जागा शोधतो आणि उजवा हात त्याची वाट पाहत थांबतो. तेवढ्यापुरते गाणेही थांबते. यावर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे. उजवा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा खाली-वर चालूच ठेवायचा. जिथे आघात नको असेल तिथे तारांना न लागता नुसता फिरवायचा. चार मात्रांत चार आघात खाली, चार वर. कॉर्ड अर्धवट लागली तरी चालेल, मात्रा चुकता कामा नये. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून हे करायचे असते. होतकरू गिटारिस्ट तो 120 वर ठेवतो, कारण 60 वर म्हणे झोप येते. खरे कारण वेगळे आहे. संथ लयीत दोन ठोक्यांमधली मोकळी जागा मोठी असते आणि त्या जागेत हात कुठे घसरला ते शेजाऱ्यांनाही ऐकू येते.

या रिदमची खरी परीक्षा गणेशोत्सवात होते. मंडळाचे कार्यकर्ते "दादा, आरतीला धर की गिटार" म्हणतात आणि दादा हुरळतो. आरती संथ सुरू होते, मग टाळवाले लय चढवत नेतात; इथे मेट्रोनोमचे कोणी ऐकत नाही. त्यातून पेटीवाले काका पट्टी सांगतात, "पांढरी चार." पांढरी चार म्हणजे एफ, आणि एफ म्हणजे तीच कॉर्ड, जिच्यामुळे त्याने तीन क्लास सोडलेले असतात. तिच्यात तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी दाबावी लागते, आणि तिथे, तारा टेकतात त्या नटाजवळ, त्या दाबायला सर्वांत जड जातात. जाणता वादक हीच पकड आधी पाचव्या फ्रेटवर पक्की करतो आणि एकेक फ्रेट खाली उतरतो. होतकरू गिटारिस्ट पाचव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावतो, सी कॉर्डचा आकार धरतो आणि काकांना सांगतो की पट्टी जमली. जमलेली असतेही. कॅपो लावणे यात पाप काही नाही. फक्त पुढच्या आरतीला काका पट्टी बदलतात.

लीडकडे तो वळतो ते पेंटाटॉनिक स्केल घेऊन. पाच स्वरांचा हा साचा अमेरिकन ब्लूजमधून आला, असे तो मिरजेच्या चुलतभावाला समजावून सांगतो. ही जागा चुकीची निवडलेली असते. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाव, सतार-तंबोरे घडवणाऱ्यांचे गाव. तिथे गाणे शिकणारे शाळकरी पोरही मेजर पेंटाटॉनिक ऐकून "हा तर भूप" म्हणते आणि मायनर ऐकवला तर त्यात धानी रागाचे स्वर ओळखते. तार ओढून स्वर चढवणे, ज्याला तो बेंड म्हणतो, तेही सतारमेकरांच्या दुकानात रोज चाललेले असते. तिथे एकाच पडद्यावरून तार ओढून चार-पाच स्वरांची मींड काढतात. गिटारवर पूर्ण एक स्वर चढवतानाही अनामिकेला मागच्या दोन बोटांचा टेकू द्यावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून त्याचा बेंड पाऊण स्वरावर अडकतो, आणि तो त्याला फील म्हणतो.

साचा पाठ झाला की तो त्यात वर-खाली धावतो. धावणे म्हणजे सोलो नव्हे. मागे कॉर्ड बदलली की लीडचा स्वर त्या नव्या कॉर्डमधल्या एखाद्या स्वरावर येऊन टेकला पाहिजे, आणि कॉर्ड कधी बदलते हे ज्याने महिनोन्‌महिने स्वतः बदलली आहे त्यालाच आतून कळते. लीडचा रस्ता असा पुन्हा रिदममधूनच जातो. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बँड जमतो तेव्हा हे उघड होते: तीन गिटारिस्ट येतात, तिघेही लीड. रिदम शेवटी कॅजॉनवर, म्हणजे वाजवायच्या खोक्यावर, बसलेला मुलगा एकटा सांभाळतो.

पुढे तो शिकायला पुण्याला जातो, गिटार घरी राहते आणि धाकट्या बहिणीच्या हाती पडते. तिला गायचे असते, साथीला कोणी नसते, म्हणून ती नाइलाजाने कॉर्डपासून सुरुवात करते. दिवाळीत दादा येतो तो मित्राची इलेक्ट्रिक गिटार घेऊन. त्याच्या लीडमागे पहिल्यांदाच कोणीतरी ठेका धरलेला असतो. दुसऱ्या ओळीला बहीण हात न थांबवता म्हणते, "दादा, तू पुढं पळतोयस."