पेंग्विनांकडची धुणीभांडी

निवृत्तीनंतर माणसाने कुठे जावं याबद्दल आमच्या घराण्यात एकमत आहे: आधी काशी, मग युरोप. मी केप टाऊनला जाऊन आजारी पेंग्विनांची सेवा करणार असं जाहीर केलं, तेव्हा दादाने पहिला प्रश्न विचारला, "पगार किती?"

पगार नाही, म्हटलं. उलट आपणच पैसे भरायचे. विमानाचं तिकीट आपलं, राहण्याखाण्याचा खर्च आपला, शिवाय प्रकल्पाची फी वेगळी. दादाचं आयुष्य आयकर खात्यात गेलेलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वहिनींकडे वळून म्हणाला, "याला कुणीतरी गंडवलंय."

वहिनींनी विषय व्यवहारावर आणला. "भावोजी, स्वेटर किती नेताय?"

पेंग्विन म्हटला की बर्फ, ही समजूत आमच्याकडे राणीच्या बागेने पक्की केली आहे. 2016 साली कोरियाहून आठ पेंग्विन भायखळ्याला आले आणि काचेपलीकडच्या गारव्यात राहू लागले. आम्ही सगळे घामाघूम होऊन ते बघून आलो. खरं तर ते हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे पाठीमागे चक्क वाळवंट असतं. आफ्रिकी पेंग्विन हे त्यांचे चुलतभाऊ, तेही उन्हातलेच. हे सगळं मी समजावून सांगेपर्यंत बॅगेत दोन स्वेटर आणि एक कानटोपी जाऊन बसली होती.

केप टाऊनला उतरलो तेव्हा डिसेंबर होता, म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. विमानतळाबाहेर आल्याबरोबर आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याने स्वागत केलं. या वाऱ्याला तिथले लोक 'केप डॉक्टर' म्हणतात, कारण तो शहराची हवा स्वच्छ करतो. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझी उन्हाची टोपी काढून नेली. कानटोपी घालून फिरण्याचा मोह झाला, पण आवरला.

पेंग्विनांच्या शुश्रूषा केंद्रात पोहोचलो. निघण्याआधी मनात एक फोटो तयार होता: कडेवर पेंग्विन, माझ्या चेहऱ्यावर करुणा, मागे निळा समुद्र. आमच्यावर देखरेख करणारी मुलगी माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची. तिने पाच मिनिटांत त्या फोटोची वासलात लावली. पेंग्विनांना कुरवाळायचं नाही. त्यांच्याशी बोलायचं नाही. त्यांच्यासमोर आपसातही गप्पा मारायच्या नाहीत. त्यांना माणूस आवडता कामा नये, कारण उद्या समुद्रात सोडल्यावर बोट दिसली की हे लाडाने जवळ जायचे. "त्यांनी तुमचा तिरस्कार केला," ती म्हणाली, "तर आपलं काम चांगलं चाललंय असं समजा."

नोकरीत साहेबपद भोगलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं.

मग गणवेश मिळाला: रबरी डांगरी, गमबूट, हातमोजे आणि कोपरापर्यंत चढवायच्या जाड बाह्या. स्वयंसेवक देशोदेशीचे. नावं कुणाच्याच लक्षात राहीनात, म्हणून दुसऱ्या दिवसापासून सगळे देशांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कॉलेज सोडून आलेली जर्मनी, पेन्शनीत निघालेला हॉलंड, सतत सर्दी झालेला स्कॉटलंड आणि मी इंडिया. "इंडिया, मॅट्स!" अशी हाक आली की एक अब्ज चाळीस कोटींच्या वतीने मला धावावं लागे.

मॅट्स म्हणजे पेंग्विनांच्या पायाखालच्या रबरी चटया. कडक फरशीवर उभं राहून त्यांच्या तळपायांना जखमा होतात, म्हणून चटया आणि त्यांवर टॉवेल. पेंग्विन दिवसभर मासे खातो आणि दिवसभर त्याचा हिशेब चटईवर मांडतो. या ऐवजाचा वास वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. एवढंच सांगतो की संध्याकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट नेहमी रिकामी असे. त्या चटया उचलायच्या, पाईपच्या पाण्याने धुवायच्या, ब्रशने घासायच्या, जंतुनाशकात बुचकळायच्या, उन्हात टाकायच्या. तोवर सुकलेल्या चटयांवर पुन्हा हिशेब सुरू झालेला असतो. टॉवेलांचे ढीग वेगळे. समुद्री जीवसृष्टीच्या संवर्धनात समुद्राचा वाटा फार थोडा आणि वॉशिंग मशीनचा फार मोठा असतो, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नाही.

घासता घासता हॉलंडने या ऐवजाचा इतिहास सांगितला. एकोणिसाव्या शतकात याला सोन्याचा भाव होता. आफ्रिकेच्या या किनाऱ्यालगतच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकं साचलेले कित्येक फूट जाड थर होते. ग्वानो त्याचं नाव. युरोपातल्या शेतांना खत म्हणून तो हवा होता. 1840 च्या दशकात नामिबियाजवळच्या इचाबो नावाच्या चिमुकल्या बेटाभोवती शेकडो जहाजांनी गर्दी केली आणि फावड्यांनी सगळं खडकापर्यंत खरवडून नेलं. पेंग्विन याच थरात बिळं करून अंडी घालायचे. थर गेला तशी घरं गेली. मग उघड्यावर अंडी, वरून ऊन आणि अंडी पळवणारे समुद्रपक्षी. माणसांनीही अंडी लाखांनी गोळा करून खाल्ली. आता बेटांवर कृत्रिम घरटी नेऊन ठेवतात.

म्हणजे तेव्हा लोक हे खरवडून श्रीमंत झाले, आणि मी तेच पैसे भरून खरवडत होतो. दादाला हे कळवलं नाही. त्याने मागच्या पावणेदोनशे वर्षांचं व्याज काढलं असतं.

दादरच्या घरी मात्र व्हिडिओ कॉलवर सगळं दिसलं. हिने बराच वेळ माझं घासणं निरखलं. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. "अहो," ती म्हणाली, "मधूनच काय सुरू करताय? वरच्या कोपऱ्यातून घासत उताराकडे यायचं. पाणी कुठे जाणार?" देखरेखवाली मुलगी मागे उभी होती. कोण बोलतंय, काय म्हणतंय, तिने विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून सगळ्या देशांनी दादरच्या पद्धतीने वरून खाली घासायला सुरुवात केली. मी नोकरीत एवढी वर्षं काढली, पण माझं एकही परिपत्रक इतक्या तत्परतेने अमलात आलं नव्हतं.

माझी खरी पत वाढली ती मासळीच्या टेबलावर. सिटीलाइट मार्केटात वाढलेल्या माणसापुढे त्यांनी बर्फातल्या तारल्यांचा ढीग ओतला आणि म्हणाले, चांगल्या निवडा. चिरलेली, पोट फुटलेली बाजूला, धडकी पेंग्विनांना. मी कल्ले उघडून बघितले, डोळे बघितले, बोटाने दाबून बघितलं. जर्मनी जन्मापासून शाकाहारी. ती डोळे मिटून माशाची शेपूट धरायची. मला एकच दुःख होतं: इतकी सुरेख तारली आणि तिखट-हळद-कोकमाशिवाय जाणार. या देशात कल्ल्यांचा उपयोगही वेगळा. आपण ताजेपणा बघतो, ते त्यात जीवनसत्त्वाची गोळी खोचतात.

पुढे भरवणं. पेंग्विन हातभर उंच आणि जेमतेम तीन किलो वजनाचा असतो, हे वाचून मी निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्याला दोन गुडघ्यांत धरायचं, एका हाताने डोकं मागून पकडायचं, दुसऱ्या हाताने तारली पाण्यात बुडवून डोक्याच्या बाजूने चोचीत सारायची. शेपटीकडून दिली तर खवले घशाला लागतात. एवढं सगळं करताना तो पंखांनी फटके मारत असतो. हे पंख उडण्याच्या कामाचे नाहीत, पण मुष्टियुद्धाला उत्तम. चोचीच्या कडा सुरीसारख्या. पहिल्याच पेंग्विनाने तारली सोडून माझं मनगट पसंत केलं, तेही बाही आणि हातमोजा यांच्यामधली बोटभर फट शोधून. रक्त बघून स्कॉटलंडने अभिनंदन केलं. तिथे चावा म्हणजे रुजू झाल्याची पावती.

केंद्रात मोठ्यांपेक्षा पिल्लंच जास्त, आणि सगळी पोरकी. त्याचं कारण ऐकून मी आईबापांना मनातल्या मनात दिलेल्या शिव्या परत घेतल्या. पेंग्विन वर्षातून एकदा अंगावरची सगळी पिसं एकदम टाकतो. नवी येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, अंग पाण्याला टिकत नाही. समुद्रात जाता येत नाही, म्हणजे उपास. त्याआधी पोटभर खाऊन चरबी साठवायला लागते. मासे मुबलक असले तर आधी पिल्लं मोठी होतात, मग पिसं झडतात. मासे कमी पडले की पिल्लं वाढायला उशीर होतो, पिसं मात्र आपल्या वेळेवर झडतात. आईबाप किनाऱ्यावर उपाशी उभे, समोर पिल्लू उपाशी. अशी पिल्लं उचलून आणायची, माशांचं वाटण नळीने पाजायचं आणि पिसं आली की पोहायला शिकवायचं.

मासे कमी का पडतात? तारली आणि मांदेलीची आफ्रिकी भावंडं समुद्र बदलतोय तशी जागा बदलताहेत, आणि उरलेल्यांवर मोठमोठ्या बोटींची जाळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पेंग्विन दहा लाखांहून जास्त होते. आता वीण करणाऱ्या जोड्या दहा हजारांच्याही आत आल्या आहेत. 2024 साली त्यांचं नाव 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेलं. पक्षीप्रेमी संस्था सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि 2025 च्या मार्चमध्ये तडजोड होऊन सहा वसाहतींभोवती या मासेमारीला आवर घालायचं ठरलं. पेंग्विनांना वकील मिळाला, तारीख मिळाली आणि निकालही मिळाला. हे ऐकून दादाने पहिल्यांदा त्यांच्याबद्दल आदर व्यक्त केला.

त्यातून त्यांना मलेरियाही होतो. पक्ष्यांचा वेगळा, पण डासांमुळेच होणारा. म्हणून दुखणाइतांच्या खोल्यांना जाळ्या. रात्री मी माझ्या खोलीत डास मारत बसलेला असायचो आणि माझ्या फीवर पेंग्विन जाळीत झोपलेले असायचे.

सुटीच्या दिवशी सायमन्स टाऊनजवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावर गेलो. 1982 साली इथे दोन जोड्या राहायला आल्या आणि बघता बघता वस्ती झाली, तीही बंगलेवाल्यांच्या शेजारी. गाडीतळावर पाटी आहे: गाडी सुरू करण्यापूर्वी खाली पेंग्विन नाही ना ते पाहा. लोक खरंच वाकून बघतात. हे पेंग्विन ओरडतात हुबेहूब गाढवासारखे, आणि प्रेमाचा मोसम असला की रात्रभर. समुद्राकाठी बंगला घेणाऱ्या श्रीमंतांना गाढवांच्या सुरात जागवायची सोय निसर्गाने परस्पर केली आहे.

केंद्रातले जुनेजाणते चहाच्या वेळी एकच पुराण लावतात. 23 जून 2000. 'ट्रेझर' नावाचं जहाज रॉबेन आणि डासेन बेटांच्या मधल्या समुद्रात बुडालं आणि टाक्यांतलं इंधन तेल पाण्यावर पसरलं. सुमारे एकोणीस हजार पेंग्विन तेलाने माखले. 1968 साली सुरू झालेल्या सॅनकॉब या संस्थेने जगभरातून माणसं बोलावली, रेल्वेचं एक रिकामं गोदाम घेतलं, आणि बारा हजारांवर स्वयंसेवकांनी एकेक पक्षी घासून काढला. दहातले नऊ जगले. आणखी साडेएकोणीस हजार पेंग्विन अजून स्वच्छ होते. ते तेलात उतरू नयेत म्हणून त्यांना ट्रकांत घालून आठशे किलोमीटरवर पोर्ट एलिझाबेथला नेलं आणि तिथल्या समुद्रात सोडून दिलं. हिशेब असा की हे पोहत घरी येईपर्यंत इथलं तेल साफ होईल. तिघांच्या पाठीवर यंत्रं लावली होती: पीटर, पॅमेला आणि पर्सी. सगळा देश रोज त्यांचा ठावठिकाणा बघत होता. दोन-तीन आठवड्यांत ते परतले. रॉबेन बेटावरच्या तुरुंगातून कधी सुटका होते याची वाट बघणाऱ्यांच्या कहाण्या जगाला ठाऊक आहेत. तिकडे घाईघाईने पोहत परत जाणारे एवढेच.

माझ्या मुक्कामाच्या अखेरीला सोडण्याचा दिवस आला. वजन भरलं, रक्त तपासलं, पाण्यात तासभर ठेवून अंग आतून कोरडं राहतंय याची खात्री झाली. प्लॅस्टिकच्या खोक्यांतून पक्षी किनाऱ्यावर नेले. ज्याने माझं मनगट पसंत केलं होतं तोही त्यात होता, आणि माझ्याकडे बघण्याच्या त्याच्या नजरेत जराही फरक पडलेला नव्हता. प्रकल्प यशस्वी झाला होता. झाकणं उघडली. क्षणभर सगळे खोक्यांतच उभे. मग एकाने पाऊल टाकलं, बाकीचे त्याच्या मागे, आणि पुढच्या लाटेत सगळे गायब. जर्मनी रडली. हॉलंड नाक शिंकरू लागला. मीही चेहऱ्यावर करुणा आणून फोटोसाठी कोन शोधत होतो.

"इंडिया!" मागून हाक आली. "खोकी!"

बघितलं तर प्रवासात प्रत्येकाने आपापला हिशेब खोक्यात मांडून ठेवला होता, आणि सकाळच्या फेरीत नवी पिल्लं येणार होती. मी बाह्या सरसावल्या आणि वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली.