नऊ वर्षे ठाण मांडलेल्या बगला खुले पत्र

श्रीमान डर्टी काऊ यांस,

पत्रास कारण की, आपला सत्कार करायचा राहून गेला. 2007 साली लिनक्स कर्नलच्या 2.6.22 या आवृत्तीत आपण बिऱ्हाड थाटलंत आणि ऑक्टोबर 2016 पर्यंत कुणी ‘कोण आपण?’ असं विचारलं नाही. सर्व्हर असोत की अँड्रॉइड फोन, आपला वावर सगळीकडे. पकडले गेल्यावर सीव्हीई-2016-5195 हा क्रमांक मिळाला, नाव मिळालं, चक्क लोगोही मिळाला. जन्मभर इमानेइतबारे चालणाऱ्या कोडला असा मानमरातब कधी लाभल्याचं ऐकिवात नाही.

कौतुक याचं, की आपण एकही कुलूप फोडलं नाहीत. कर्नलचे दोन नियम होते आणि दोन्ही शहाणपणाचे. पहिला असा: फक्त वाचायची परवानगी असलेली फाइल कुणी मेमरीत खासगी म्हणून मॅप केली आणि तिच्यात लिहायला गेला, तर मूळ पानाला हात लावू द्यायचा नाही, त्याला त्या पानाची वेगळी प्रत काढून द्यायची. हेच कॉपी-ऑन-राइट. दुसरा असा: प्रोग्रामने ‘हे पान आता नको’ म्हटलं, की ती प्रत टाकून द्यायची.

आपण राहत होता या दोन नियमांच्या मधल्या फटीत. एक थ्रेड पानावर लिहायची मागणी करतो. कर्नल प्रत काढतो. पण मॅपिंग वाचनापुरतंच असल्यामुळे पुन्हा तपासलं तरी उत्तर ‘लिहायची परवानगी नाही’ असंच येणार आणि हे चक्र कधी थांबणार नाही. म्हणून कर्नल मागणीवरचा ‘लिहायचं आहे’ हा फ्लॅगच पुसून टाकतो आणि पान नव्याने शोधतो. नेमक्या त्याच क्षणी दुसरा थ्रेड ती प्रत फेकायला लावतो. आता प्रत गायब, आणि मागणी दिसते नुसत्या वाचनाची. कर्नल बिनदिक्कत मूळ पान आणतो आणि त्यावर लिहून मोकळा होतो. तलाठ्याने खाडाखोडीसाठी सातबाऱ्याची झेरॉक्स काढावी, ती कुणी पळवावी आणि त्याने खाडाखोडीला मूळ दप्तरच पुढे सरकवावं, तसं हे.

फट क्षणभराची, पण दोन्ही थ्रेड अखंड फिरत ठेवले की कधीतरी वेळ जुळायचीच, आणि एकदा जुळली की पुरे. मूळ पान रूटच्या मालकीच्या फाइलचं असलं, की साध्या वापरकर्त्याला रूट होऊन बसायला कितीसा उशीर? वर लॉगमध्ये काही वावगं दिसत नाही. चोख काम!

आता आपल्या पाठीराख्यांबद्दल. दोन थ्रेडमधली वेळेची ही शर्यत, म्हणजे रेस, कुणाला दिसलीच नव्हती, असं नाही. 2005 साली खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तिच्यावर इलाज केला होता. तो आयबीएमच्या एस-390 या मेनफ्रेम जातीच्या यंत्रांवर अडचणीचा ठरला आणि काढून टाकला गेला. 2016 च्या पॅचसोबतच्या टिपणात टोरवाल्ड्स यांनी हे स्वतः लिहिलंय. तेव्हा ही रेस कागदावरचीच वाटत होती. पुढे कर्नलचं मेमरीचं काम अधिकाधिक समांतर होत गेलं आणि कागदावरची रेस प्रत्यक्षात जिंकता येऊ लागली. ‘असं क्वचितच होईल’ या शेऱ्यावर आपण वर्षानुवर्षं पोसलात.

फिल ओस्टर या गृहस्थांना आपण सापडलात तेही कोड वाचताना नव्हे. ते आपल्या सर्व्हरवर येणारी एचटीटीपी वाहतूक नोंदवून ठेवत. त्या नोंदीत आपला गैरफायदा घेणारा प्रोग्रामच हाती लागला. म्हणजे डॉक्टरच्या आधी चोराला आपला पत्ता ठाऊक होता.

इलाज मोजक्या ओळींचा निघाला. ‘लिहायचं आहे’ हा फ्लॅग पुसायचा नाही. ‘प्रत काढली आहे’ असा नवा फ्लॅग लावायचा, आणि लिहू देण्याआधी पानावरची ‘डर्टी’ खूण पाहून ती प्रत अजून जागेवर आहे ना, याची खात्री करायची. आपली चिवट जात मात्र इथेही नडली. मोठ्या आकाराच्या, म्हणजे ह्यूज पेजेसच्या बाबतीत प्रत न काढताही ती खूण लागू शकते, हे 2017 मध्ये उघड झालं आणि सीव्हीई-2017-1000405 या क्रमांकाने आपल्या धाकट्या भावंडाचं बारसं करावं लागलं.

आपल्याला शिक्षा काय करणार? आपण तर निव्वळ मोकळी जागा पाहून राहिलात. दोष 2005 चा तो बंदोबस्त उठवून पुरेसा पर्यायी बंदोबस्त न करणाऱ्यांचा. तेव्हा कोड लिहिणाऱ्या वाचकांना एकच विनंती: अडचण झाली म्हणून जुना पॅच जरूर मागे घ्या, पण तो ज्यासाठी घातला होता ती रेस त्याच दिवशी पुन्हा उघड्या बगांच्या यादीत लिहा, आणि ती मिटेपर्यंत कुणाला तरी तिच्यासाठी जबाबदार धरा.

आपला,
एक प्रोग्रामर