मोटार आली, ऊन आहे तिथंच

मराठी मध्यमवर्गाच्या हालअपेष्टांची दखल साहित्याने अर्धवटच घेतली आहे. नळाच्या रांगा, लोकलची गर्दी, रेशनचं दुकान यांवर पानंच्या पानं लिहिली गेली. पण रोज सकाळी अंथरुणातून उठायचं, खिडकीपर्यंत चालत जायचं, हात वर करायचा आणि पडदा बाजूला सारायचा, या अमानुष कष्टांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बाजाराला मात्र ही वेदना कळली. आता ब्लाइंडच्या नळीत मोटार असते, मोटार वायफायला जोडलेली, वायफाय मोबाइलला, आणि मोबाइल सोफ्याच्या फटीत. तो शोधायला उठावं लागतं, तेवढं चालायचंच.

पुण्यातल्या आमच्या हॉलला पश्चिमेकडे भिंतभर काच आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिचं नाव ‘सनसेट व्ह्यू’ होतं. एप्रिलच्या दुपारी आम्ही घरातली माणसं तिला जे म्हणतो ते छापण्याजोगं नाही. या काचेचा बंदोबस्त करायला एक तरुण विक्रेता टॅब घेऊन घरी आला.

“काका, आता तुम्हाला उठायलाच नको,” तो म्हणाला.

“अरे, पण डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय.”

“मग ॲपमध्ये पावलं मोजायची सोय आहे ना, काका.”

सूर्य मावळला की हे ब्लाइंड आपोआप वर जातात, हे ऐकून आईने विचारलं, “सूर्य कधी मावळतो, हे याला कोण सांगतं?”

“इंटरनेट, आजी.”

आईने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे पाहिलं. १९७३ पासून ते दिनदर्शिका छापताहेत, उदयास्ताच्या वेळा रोजच्या रोज देताहेत, आणि आजवर एकदाही पासवर्ड बदलायला सांगितलेला नाही. महिन्याला एक पान उलटावं लागतं, एवढाच त्यांचा मागासलेपणा.

मग विजेचा विषय निघाला. मोटार थेट विजेवर चालवायची तर खिडकीच्या डोक्यावर पॉइंट हवा. तो बिल्डरने दिलेला नसतो, कारण त्याच्या मते खिडकीला वीज लागत नाही, आणि इतक्या वर्षांत तो एवढ्या एका बाबतीत बरोबर होता. म्हणजे भिंतीत झिरी मारणं आलं, प्लास्टर आलं, रंग आला, आणि ‘एकाच भिंतीला कसा मारायचा’ म्हणून साऱ्या हॉलचा रंग आला. हे नको असेल तर बॅटरीवाली मोटार घ्या. तिला काही महिन्यांनी चार्ज करावं लागतं, त्यासाठी शिडी आणायची, वर चढायचं आणि वायर खोचून खाली उतरायचं. हाताशी येणारी दोरी काढून टाकून माणसाला शिडीवर चढवणं, याला सध्या सोय म्हणतात.

पुढे वायफाय. राउटर आणताना आपण ‘पाच गिगाहर्ट्झ’ असं अभिमानाने सांगतो; ही यंत्रं मात्र बहुधा २.४ वरच बोलतात. काहींना झिगबी ही वेगळी बिनतारी यंत्रणा लागते, म्हणजे आणखी एक डबी, तिला आणखी एक प्लग. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी नीट बोलावं म्हणून २०२२ मध्ये ‘मॅटर’ नावाचं समाईक मानक आलं आणि त्यात खिडकीचे ब्लाइंडही आहेत. “यात मॅटर आहे का?” असं मी विचारल्यावर विक्रेत्याने टॅब खाली ठेवला आणि पाणी मागितलं.

राहिला गुरुवार. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद असते तेव्हा तारेवरची मोटार जिथे असेल तिथेच थांबते. बॅटरीवाली तयार असते, पण राउटर झोपलेला असल्याने ॲप गोल गोल फिरत राहतं. अशा वेळी रिमोट चालतो. तो कुठे ठेवलाय हे कुणाला आठवत नाही, हा तंत्रज्ञानाचा दोष नव्हे.

समजा हे सगळं जमलं, तरी परदेशातला सर्व्हर चालू राहायला हवा. २०१६ मध्ये गुगलच्या परिवारातल्या नेस्ट कंपनीने ‘रिव्हॉल्व्ह’ हे स्मार्ट घराचं हब बंद करून टाकलं आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेली उपकरणं निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना न कळवता बंद पडले. आमच्या जुन्या पडद्याला कापड, कड्या आणि दांडा एवढाच संसार आहे. तो बनवणारा शिंपी दुकान बंद करून गावी गेला, तरी पडदा सरकतो.

विक्रेत्याचा हुकमी एक्का म्हणजे ‘सुट्टीचा मोड’. आपण गावाला गेलो तरी ब्लाइंड वर-खाली होत राहतात, चोराला वाटतं घरात माणसं आहेत. युक्ती नामी आहे. पण तोवर आपण सोसायटीच्या ग्रुपवर तारकर्लीच्या समुद्रातले फोटो टाकलेले असतात आणि दूधवाल्याला आठवडाभराची रजा कळवलेली असते.

आता थट्टा बाजूला ठेवून उन्हाकडे वळू, कारण खरा प्रश्न त्याचा आहे. ऊन काचेतून आत येतं आणि ब्लाइंडवर पडतं. ब्लाइंड तापतो आणि ती उष्णता खोलीत सोडतो. काच उजेडाला वाट देते, पण तापलेल्या कापडाच्या उष्ण किरणांना बाहेर जाऊ देत नाही. पांढऱ्या, चकचकीत पाठीचं कापड थोडं ऊन परत पाठवतं, पण पाहुणा उंबरठा ओलांडून आत बसल्यावर दार लावण्यासारखाच हा प्रकार. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. कोकणातल्या पडवीला, वाड्याच्या जाड भिंतींना, विदर्भातल्या वाळ्याच्या पडद्यांना हे ॲपशिवाय कळत होतं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्याला नुसता छज्जा पुरत नाही, उभा आडोसा लागतो.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली. त्या गणितात बाहेर कायमचा बांधलेला आडोसा धरतात. मोटारीला त्या सूत्रात जागा नाही. आमच्या बिल्डरने छज्जा वाचवला, काच वाढवली, आणि आता त्याच इमारतीत स्मार्ट घराचं पॅकेज विकलं जातंय. आधी सावली काढून घ्यायची आणि मग ती हप्त्यावर परत द्यायची, ही धंद्याची अक्कल खरोखर स्मार्ट आहे.

मी सोसायटीकडे बाहेरून बांबूची चिक लावायची परवानगी मागितली. उत्तर आलं, “इमारतीचं एलिव्हेशन बिघडेल.” हे उत्तर सही करून देणाऱ्या पदाधिकाऱ्यांच्या खिडकीबाहेर एसीची दोन यंत्रं लटकलेली आहेत. त्यांनी एलिव्हेशन बहुधा उंचावतं.

तेव्हा निकाल असा. दोन मजली उंचीच्या हॉलमध्ये जिथे हात पोचत नाही, तिथे मोटार जरूर बसवा. सांधे धरलेल्या, व्हीलचेअरवरच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात बसवाच; तिथे ती चैन नाही, स्वातंत्र्य आहे. लहान मुलं असतील तर लोंबत्या दोऱ्या आधी काढा. त्यांचा फास बसून मुलं दगावली आहेत, म्हणून अमेरिकेत जून २०२४ पासून त्यांच्यावर कडक मानक लागू झालं. पण त्यासाठी मोटारच हवी असं नाही, बिनदोरीचे स्प्रिंगचे ब्लाइंडही मिळतात. घ्यायचेच असतील तर वीज नसताना हाताने चालतात का, इंटरनेटशिवाय घरातल्या घरात चालतात का आणि मोटार बिघडली तर पुण्यात दुरुस्त कोण करतं, एवढं कोटेशनवर लिहून घ्या.

बाकीच्यांनी दुपारी चार वाजता पडदा सोडून काच आणि पडदा यांच्या मधल्या फटीत हात घालून बघावा. चटका बसला, तर पैसे मोटारीवर घालू नका. ते खिडकीबाहेरच्या आडोशावर घाला, आणि येत्या वार्षिक सभेत चिक लावायचा ठराव मांडा. अनुमोदनाला मी येतो.