मासा लागो न लागो

मासेमारीच्या रिळाला मासा लागला नाही तरी चालतं, तेल मात्र लागतं. आणि तेल घालायची एकदा सवय जडली की मासा हळूहळू विषयातून बाद होतो. माझं तसंच झालं आहे. बिडकीनहून पैठण अर्ध्या तासावर, तिथे जायकवाडी धरणाच्या नाथसागराचं अफाट पाणी. पण माझ्या रिळाने अजून ते पाणी पाहिलेलं नाही. त्याने पाहिलंय ते माझं टेबल, एक पोचे आलेलं ताट आणि शिलाई मशीनच्या तेलाची बुधली.

तसं आमच्या भागात रिळाचं कुणाला काही पडलेलं नाही. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं आणि गोदावरीच्या डोहात मासे धरणारे भोई एकाएकी नजर ठरणार नाही एवढ्या पाण्याचे धनी झाले. त्यांचं काम जाळ्यावर चालतं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे जाळी ओढायची; रोहू, कटला, मरळ, वाम, जे येईल ते टोपलीत. गळ टाकायचाच झाला तर तंगूस बोटाला गुंडाळायचा आणि शिसं भिरकावायचं, संपलं. ज्याचं पोट मासळीवर आहे त्याला रीळ लागत नाही. ज्याला रीळ लागतं त्याचं पोट बहुधा पेन्शनवर असतं.

माझं रीळ मामांचं. मामा मुंबईला नोकरीला होते आणि रविवार उजाडला की पवई तलावावर जाऊन बसायचे. तिथे हौशी गळवाल्यांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. मासा धरणं हा तिथे गंभीरपणे घेण्याचा विषय. मामांच्या पश्चात मामींनी घर आवरायला काढलं आणि एक कापडी पिशवी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, “तुला असल्या वस्तूंची आवड आहे ना?” टाकवत नाही आणि ठेववत नाही अशी वस्तू नातेवाइकाला देण्याची ही आपली घरंदाज पद्धत. मी पिशवी घेतली.

आत निघालं फिलाडेल्फियाच्या पेन कंपनीचं रीळ. ओटो हेन्झे नावाच्या, जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या माणसाने 1932 साली, जागतिक मंदी ऐन भरात असताना, ही कंपनी काढली. लोक नोकरीला महाग झाले होते आणि हा गृहस्थ मासे धरायची रिळं काढत होता! पण रिळं टिकली. दोन्ही बाजूंना बेकलाइटच्या काळ्या जाड तबकड्या, मध्ये तंगूस गुंडाळायची फिरकी, उजवीकडे हँडल आणि हँडलच्या मुळाशी चांदणीच्या आकाराचं एक चाक. ओसरीवर ते ठेवलं तर आल्यागेल्याने अंदाज बांधले. कुणी म्हणालं पतंगाची फिरकी, कुणी म्हणालं सायकलचा डायनामो. शेजारच्या आजींनी ते जुनं रवी फिरवायचं यंत्र ठरवलं आणि “आता मिळत नाहीत असली” असा निर्वाळाही दिला. मासे धरायचं म्हटल्यावर मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न: “मग मासे कुठंयत?”

हँडल फिरत नव्हतं. आतलं ग्रीस वाळून त्याचं राळेसारखं चिकट काहीतरी झालं होतं. रिळाची पहिली गंमत इथे कळते: ते उघडता येतं. बाजूच्या तबकडीवर सरळ खाचेचे स्क्रू असतात, ते काढले की सगळा संसार समोर. मोबाइल उघडायचा म्हणजे हेअर ड्रायर आणि प्रार्थना लागते; मिक्सरचे स्क्रू तर अशा चमत्कारिक आकाराचे करतात, की ग्राहकाने आत डोकावू नये अशीच कंपनीची इच्छा दिसते. या रिळाच्या कंपनीने उलट प्रत्येक भागाला नंबर दिले आणि सगळे भाग सुटे करून दाखवणारा नकाशाही काढला. नकाशा हाताशी नसला तर मोबाइलवर पायरीपायरीने फोटो काढावेत, आणि सुटे झालेले भाग ताटात काढल्या क्रमानेच मांडावेत. ताटाला काठ हवा. का, ते लगेच कळतं. आत पंजा म्हणतात तसा एक छोटा खटका असतो. तो हँडलला उलटं फिरू देत नाही. त्याला मागून दाबून धरणारी स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी. खटका उचलला रे उचलला की ती स्प्रिंग उडते आणि थेट कपाटाखाली जाते. कपाटाखाली माणसाचा हात जात नाही, झाडू जातो. आणि झाडू मारणारं माणूस त्या वेळी आपल्यावर रागावलेलं असतं.

या यंत्राचं खरं मर्म पितळी दात्याच्या पोटात आहे. मोठा दाता आतून पोकळ. त्या पोकळीत एक धातूची चकती, एक चामड्याची किंवा फायबरची, पुन्हा धातूची, पुन्हा चामड्याची, अशी चळत. बाहेरची चांदणी आवळली की चळत दाबली जाते आणि ब्रेक कडक होतो. मासा ओढू लागला आणि त्याची ओढ या दाबापेक्षा वाढली, की चकत्या घसरतात, फिरकी फिरते, तंगूस बाहेर जातो. हँडल मात्र आपल्या हातात गप्प. ब्रेक फार आवळला तर तंगूस तुटतो, फार सैल सोडला तर मासा पार शेवगावच्या शिवेपर्यंत फिरून येतो.

ही चांदणी नव्हती तेव्हाचे हाल ऐकण्यासारखे आहेत. हँडल थेट फिरकीला जोडलेलं असायचं. मोठा मासा पळाला की हँडल उलटं गरगर फिरायचं आणि ते धरायला गेलेल्याची बोटं फुटायची. अमेरिकेतल्या विल्यम बोशन नावाच्या हौशी माणसाने ज्युलियस व्होम होफे या कारागिराकडून चांदणीच्या ब्रेकचं रीळ बनवून घेतलं आणि 1913 साली कॅलिफोर्नियाच्या समुद्रात त्यावर तलवारमासा धरला. रीळ-काठीने धरलेला तो पहिला तलवारमासा. बोशनच्या आधी आपल्याकडच्या साहेबांनी काय केलं असेल देव जाणे. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ हे जाडजूड पुस्तक लिहून महसीर धरण्याची दीक्षा सगळ्या साहेबी हिंदुस्थानाला दिली. म्हणजे फुटलेल्या बोटांनी पुढे फायलींवर सह्या झाल्या असणार. काही फायली उशिरा का हलत, याचं हेही एक कारण असू शकेल.

माझ्या रिळाचं पुढचं दुखणं आसाचं होतं. फिरकी वेडीवाकडी फिरत होती. ते घेऊन मी शहरात घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. त्यांचं दुकान म्हणजे काचेची एक पेटी आणि मागे एक स्टूल. एचएमटीची घड्याळं होती तोवर त्यांच्या हाताला उसंत नव्हती. 2016 साली तो घड्याळाचा धंदाच बंद झाला, आणि चाचांचा तर त्याच्या कितीतरी आधीपासून सेल बदलण्यावर आला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, रीळ उलटंपालटं केलं आणि विचारलं, “ये कौनसी घड़ी है मियाँ?” मी सांगितलं, मासे धरायचं आहे. चाचा म्हणाले, “तो क्या हुआ, चक्का तो चक्काच है ना.”

चाचांना ठाऊक नव्हतं, पण ते अगदी बरोबर बोलत होते. रीळ घड्याळजीकडे जातं ते माहेरी जातं. हँडलच्या एका फेऱ्यात फिरकीचे दोन-तीन फेरे करणारं दात्यांचं रीळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्यांदा नावारूपाला आणलं ते केंटकीतल्या जॉर्ज स्नायडरने, आणि तो पेशाने घड्याळजी. त्याच्यामागून ज्यांची रिळं गाजली ते मीक बंधूही घड्याळजीच. स्वीडनमधली आबू कंपनी 1921 साली निघाली ती खिशातली घड्याळं करायला; मग टॅक्सीचे मीटर करू लागली, युद्धात मीटरचं गिऱ्हाईक आटलं तेव्हा रिळांकडे वळली, आणि पन्नासच्या दशकात तिच्या लाल ‘अँबॅसेडर’ रिळाने गळवाल्यांना वेड लावलं. नुसती फिरकी तशी फार जुनी. 1195च्या सुमाराचं मा युआन या चिनी चित्रकाराचं एक चित्र आहे, त्यात थंडीत होडीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या काठीला रीळ दिसतं. पण दाते, आस, खटके ही अक्कल घड्याळजींची. चाचांनी अर्ध्या तासात निदान केलं: आस सरळ आहे, बुश झिजलंय.

बुश म्हटल्यावर मी बिडकीनलाच परतलो. या पट्ट्यात बुश, शाफ्ट, टेपर हे शब्द लहान मुलांनाही येतात. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हापासून दर दोन घरांआड एक टर्नर तयार झाला. शेतातल्या मोटारी जळतात, विहिरीवरचे पंप अडतात, त्यामुळे लेथला बारमाही काम. आता तर गावाला लागूनच ऑरिकची औद्योगिक वसाहत, रुंद रस्ते आणि 2024 साली टोयोटाने केलेला करार. एवढ्या सगळ्या उद्योगात माझ्या बुशाला कोण विचारतो, असं वाटलं होतं. पण लेथवाला माझा जुना विद्यार्थी निघाला.

“सर, पंप कितीचा?”

“पंप नाही रे, मासे धरायचं रीळ आहे.”

त्याने बुश चिमटीत धरलं, आसावर चढवून हलवून पाहिलं. “सूतभर नाही, पण केसभर खेळतंय,” म्हणाला. पितळेचा एक तुकडा चकमध्ये बांधला, बारीक कात घेत घेत खाली आणला, मध्ये मध्ये आस घालून बघितला. शेवटी बुश आसावर असं बसलं, की बोटाने ढकलावं तर सरकावं आणि सोडावं तर थांबावं. पैसे विचारले तर म्हणाला, “राहू द्या सर, मासा लागला की सांगा.” त्या दिवसापासून तो मला चौकात भेटतो आणि भुवया उडवतो. मी मान हलवतो. एवढं आमचं नातं आहे.

ब्रेकच्या चामड्याच्या चकत्या कडक होऊन तडकल्या होत्या. चप्पल शिवणाऱ्या काकांनी नव्या कापून दिल्या. त्यांना माप दाखवलं तर त्यांनी जुनी चकती चामड्यावर ठेवून आरीने रेघ ओढली आणि रापीने एका फिरवणीत कापली. आता कार्बन फायबरच्या चकत्या मिळतात, त्या जास्त गुळगुळीत चालतात असं जाणकार सांगतात. सांगू देत.

पितळी भागांवर हिरवट मळ चढला होता. घरातून सूचना आली: पितांबरी. ती मी नम्रपणे नाकारली, कारण देवघरातली समई चकचकीत होणं वेगळं आणि दात्याचे दात झिजणं वेगळं. रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासलं की पुरतं. रॉकेल मिळवणं हेच हल्ली दुरुस्तीतलं अवघड काम. मग दात्यांना ग्रीसचा पातळ हात, आसाच्या टोकांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. तेल घालताना प्रत्येकाला वाटतं, अजून एक थेंब टाकावा. तो टाकू नये.

आणखी एक दुखणं बाहेरून कळत नाही. ही जुनी रिळं निघाली तेव्हा दोरा असायचा लिननचा. तो भिजला की काढून वाळवावा लागे. नायलॉन आल्यावर लोकांनी त्याच फिरकीवर नायलॉन गुंडाळला. मोठा मासा ओढताना नायलॉन ताणला जातो, ताणलेलाच फिरकीवर बसतो आणि मग आकसून फिरकी आतून दाबू लागतो. प्लास्टिकच्या कितीतरी फिरक्या अशा, माशाने नव्हे तर तंगुसाने फोडल्या. मामांची धातूची होती म्हणून वाचली.

रीळ चालू झालं. ब्रेक तपासायची रीत अशी, की तंगुसाच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला फिरकी घसरायला हवी. त्यासाठी ताणकाटा लागतो. आमच्याकडे कापूस मोजायचा होता, त्याला माझ्या तंगुसाची दखलच घेता येईना. मग शेजारच्या पोराला टोक धरून पळायला सांगितलं. तो किराणा दुकानापर्यंत गेला, वळणावर वेग वाढवला, रीळ कर्रर्र करत तंगूस सोडत राहिलं आणि एकदाही अडलं नाही. दुकानदाराने पोराला विचारलं, हे काय चाललंय? पोर म्हणालं, “मी मासा आहे.” बिडकीनमध्ये या रिळावर आजवर लागलेला मासा तेवढाच, आणि तोही बिस्किटाच्या पुड्यावर सुटला.

नाथसागरावर न्यायचं म्हटलं तर 1986 पासून ते पक्षी अभयारण्य आहे. तिथे उठून काठी घेऊन बसावं असं नाही, आणि भोयांच्या पाण्यात हौसेने हात घालावा असंही मला वाटत नाही. कधी मुंबईला गेलो तर पवईला रीतसर परवानगीने नेईन, असं मी म्हणत असतो. मध्यंतरी ओळखीपाळखीतून आणखी दोन जणांनी त्यांची बंद पडलेली रिळं आणून दिली आहेत. दोघांनाही मासे खाणं वर्ज्य आहे.

तुमच्याही घरी माळ्यावर, एखाद्या कापडी पिशवीत, काकांचं किंवा आजोबांचं असं रीळ असेल तर कृपा करून ते भंगारात घालू नका. नायलॉनचा जुना तंगूस कापून काढा, चांदणी पूर्ण सैल करून ठेवा म्हणजे चकत्या दबून चिकटणार नाहीत, आणि खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर वापरा. उघडाल तेव्हा खाली काठाचं ताट ठेवा आणि कपाट आधीच भिंतीपासून जरा पुढे ओढून घ्या.