शंखवेडा

बेटांवर जाणाऱ्या माणसांचे प्रकार ठरलेले आहेत. काही मधुचंद्राला जातात, काही कर चुकवायला जातात आणि उरलेले या दोघांचे फोटो बघून जातात. शंखवेडा यांपैकी कशातच बसत नाही. ताहितीला विमान उतरलं की सगळे किनाऱ्याकडे धावतात. हा समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे निघतो. निघतो म्हणजे काय, पाच पावलांवर थांबतो. एक पान उलटं करून बघतो, होतं तसं परत ठेवतो आणि पुढच्या पानाला हात घालतो. सकाळी निघालेला हा गृहस्थ दुपारी जेवणाच्या वेळेलाही गाडी लावली तिथून स्पष्ट दिसत असतो.

दिसायला साधा. कमरेत वाकलेला, गुडघ्यांवर चिखल, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग आणि खिशात कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डब्या. रोल बाजारातून गेले, डब्या अजून याच्याकडे आहेत. वहीत पेन्सिलीनं लिहितो, कारण पावसात शाई फुटते, आणि पाऊस नसेल तर हा बाहेरच पडत नाही. पाठीवरच्या पिशवीत पालापाचोळा भरलेला असतो. रात्री खोलीवर आल्यावर तो चाळणीतून चाळायचा, टेबलावर पांढरा कागद अंथरायचा आणि दोन-दोन मिलिमीटरचे शंख चिमट्यानं वेचत बसायचं. तांदूळ निवडायला बसलेल्या आजीचीच सगळी बैठक, फरक इतकाच की आजी खडे टाकते, याला खडेच हवे असतात.

‘गोगलगाय न् पोटात पाय’ हे आपण वरून गरीब आणि आतून बेरकी माणसाला म्हणतो. शंखवेडा वरूनही गरीब असतो आणि आतूनही. फक्त जाती किती, हा विषय निघता कामा नये. हवाई बेटांवरून जमिनीवरच्या गोगलगायींच्या साडेसातशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे, आणि त्यांतल्या शंभरातल्या नव्व्याण्णव जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या. हा आकडा ऐकून तुम्ही ‘वा!’ म्हणालात की तो खूश होतो. शेजारी बसलेला दुसरा शंखवेडा मात्र घसा खाकरतो. कारण यांच्यात दोन पंथ आहेत. एक फोडणाऱ्यांचा: पट्टा जरा तांबडा दिसला की नवी जात. दुसरा जोडणाऱ्यांचा: नीट बघा, या चारही एकच. एकाच कपाटातल्या त्याच शंखांवरून या दोन पंथांतली माणसं आयुष्यभर एकमेकांना अत्यंत नम्र भाषेत मूर्ख म्हणत आली आहेत.

या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून मी जॉन थॉमस ग्यूलिकचं नाव घेईन. १८३२ साली हवाईतल्या काउआई बेटावर मिशनऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा विशीत ओआहू बेटावरच्या दऱ्याखोऱ्यांत शंख वेचू लागला. अ‍ॅचाटिनेला नावाची ही झाडांवर राहणारी गोगलगाय जेमतेम बोटाच्या पेराएवढी. पण हिरवी, पिवळी, तपकिरी, पट्ट्यांची, अशी मिठाईच्या दुकानात मांडावी इतकी रंगीत. ग्यूलिकनं हजारोंनी जमवले. स्वतः वेचले, गावकऱ्यांना आणि पोरांना पैसे देऊन वेचून घेतले. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक शंख कुठल्या खोऱ्यातला हे लिहून ठेवलं पाहिजे. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते. ओआहूवर डोंगराची एक सोंड ओलांडली की शंख बदलत होता. अलीकडच्या आणि पलीकडच्या खोऱ्यात झाडं तीच, पाऊस तोच, हवा तीच. मग बदललं काय?

काहीच नाही, असं ग्यूलिक म्हणाला. नुसतं वेगळं पडणं पुरतं. मधली सोंड ओलांडता येत नाही, एवढ्यावर दोन्हीकडच्या पिढ्या आपापल्या वाटेनं जातात. परिस्थितीनं मुद्दाम काही घडवावं लागत नाही. १८७२ साली त्यानं हे लंडनच्या लिनियन सोसायटीसमोर मांडलं. तेव्हा हवा नैसर्गिक निवडीची होती, प्रत्येक पट्ट्याला काहीतरी उपयोग असलाच पाहिजे असा आग्रह होता. त्यात ‘काही उपयोग नाही, असंच झालं’ म्हणणारा मिशनरी कुणाला आवडणार? ग्यूलिक चीन आणि जपानमध्ये धर्मप्रसार करत राहिला, शंखांचा विचार मात्र सोडला नाही आणि १९०५ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, ग्रंथ काढला. मत तेच. शंखवेड्याचं हे मुख्य लक्षण आहे. घाई त्याला मानवत नाही आणि माघार त्याला येत नाही.

दुसरं लक्षण मोजमापाचं. न्यूयॉर्कचा प्राध्यापक हेन्री क्रॅम्प्टन ताहिती आणि मूरेआच्या पार्टुला गोगलगायींमागे लागला आणि पन्नासेक वर्षं लागलेलाच राहिला. ताहितीचा ग्रंथ १९१७ साली आला, शेजारच्या मूरेआचा १९३२ साली. हजारो शंखांची लांबी, रुंदी, तोंडाचा व्यास, वळणाची दिशा. सरासऱ्या सगळ्या हातानं काढलेल्या. आज त्याचे तक्ते उघडले की दडपायला होतं. कुणी वाचले असतील का हे आकडे, असं मनात येतं, आणि त्याच क्षणी कळतं की ज्यानं लिहिले त्याला हा प्रश्न पडलेला नव्हता.

वळणाची दिशा हा विषय मात्र आपल्याला जवळचा. आपल्याकडे शंखाच्या वळणावरून देवघरातली त्याची किंमत ठरते. मूरेआवर वळणावरून लग्नं ठरत. तिथल्या पार्टुला सुतुरालिस या जातीत काही उजव्या वळणाच्या, काही डाव्या, आणि उलट वळणाच्या दोघींचं जमणं महाकठीण. जात एक, झाड एक, पण वळण उलटं निघालं की स्थळ मोडलं. यातल्या प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही असतात, तरी ही अडचण. शंखवेडा हे इतक्या गंभीरपणे सांगतो, की ऐकणाऱ्याला हसावं की सांत्वन करावं ते कळत नाही.

आता इतक्या मंद प्राण्यानं महासागराच्या मध्यावर पोचावं कसं, या प्रश्नानं डार्विनलाही छळलं होतं. त्यानं तोंडावर पापुद्रा धरून निजलेली एक रोमन गोगलगाय समुद्राच्या पाण्यात वीस दिवस बुडवून ठेवली. ती जिवंत निघाली. एका फ्रेंच गृहस्थानं भोकं पाडलेल्या पेटीत शंभर गोगलगायी घालून पंधरवडाभर समुद्रात सोडल्या, त्यांतल्या सत्तावीस शुद्धीवर आल्या. जपानी संशोधकांनी तर कहर केला. हाहाजिमा बेटावरची अडीच मिलिमीटरची एक गोगलगाय त्यांनी चष्मेवाल्या पक्ष्यांना खाऊ घातली आणि पुढे काय बाहेर पडतं याची वाट बघत बसले. शंभरातल्या पंधराएक जिवंत बाहेर आल्या. एकीनं तर थोड्याच वेळात पिलांना जन्म दिला. हे संशोधन कुणीतरी वाटीत हात घालून केलेलं आहे, हे विसरू नये.

हवाईचे जुने लोक म्हणत, या गोगलगायी रात्री गातात. शंखवेडा मान हलवतो, ‘त्यांना गळाच नसतो, ते रातकिडे असणार.’ आणि रात्री जंगलात दिवा मालवून बराच वेळ गप्प बसून राहतो. का, ते सांगत नाही.

या जमातीचा प्राणी आपल्याकडेही आढळतो (शंखवेडा म्हणतोय मी). २०२१ साली आंबोलीतून ‘वराडिया आंबोलिएन्सिस’ नावाची एक अर्धी गोगलगाय जगापुढे आली, शंख इतका आखूड की आत शिरायची सोय नाही. आंबोलीला धबधब्याखाली भिजायला गेलेल्या हजारो लोकांच्या पायाशी ती होतीच. खाली बघणारे मोजके निघाले.

आतापर्यंत हसत वाचलंत. पुढचा भाग सांगताना शंखवेडा चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

मराठवाड्यातल्या वाचकांना शंखी गोगलगाय सांगायला नको. २०२२ साली लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी रात्रीत फस्त केली आणि शेतकरी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकत फिरले. शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. ती कोलकात्यात आणून सोडली १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या एका शंखवेड्यानंच. घराण्यात असले दिवटेही झालेच. १९३६ साली ती हवाईत पोचली, १९६७ साली ताहितीत. बागा खाल्ल्या, भाज्या खाल्ल्या. मग शेतीखात्यातल्या हुशार माणसांना कल्पना सुचली: गोगलगायी खाणारी गोगलगाय आणू! फ्लोरिडाकडची युग्लँडिना रोझिया, दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट वाटेचा माग काढत जाणारी शिकारीण, १९५५ साली हवाईत सोडली. १९७४ साली ताहितीत, १९७७ साली मूरेआत. तिनं समोरच्या थोराड आफ्रिकन पाहुणीकडे बघितलं आणि शेजारच्या छोट्या, मऊ, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या पार्टुलाकडे बघितलं. तुम्ही काय निवडलं असतं? १९८७ पर्यंत मूरेआच्या रानात पार्टुला शोधून सापडेनाशा झाल्या. क्रॅम्प्टननं हातानं मोजलेल्या तक्त्यांतले प्राणी, दहा वर्षांत. शंखवेडा शिव्या देत नाही. फार संताप आला तर ‘जैविक नियंत्रण’ एवढंच म्हणतो, पण ते असं म्हणतो की बायकामुलांनी कानांवर हात ठेवावेत.

जुने शंखवेडेही धुतल्या तांदळाचे नव्हते. हजारोंनी शंख वेचायचे म्हणजे हजारो जिवंत प्राणी मारायचे, आणि अ‍ॅचाटिनेला वर्षाला मोजकीच पिलं घालते, वयात यायलाच काही वर्षं लावते. आजचा शंखवेडा त्याचं प्रायश्चित्त घेतल्यासारखा दाई झाला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात प्लॅस्टिकच्या डब्यांतून त्यानं पार्टुला सांभाळल्या. त्यांतल्या पार्टुला तुर्गिडा या जातीची शेवटची १९९६ च्या जानेवारीत तिथेच गेली. ओआहूवर त्यानं डोंगरात कुंपणं घातली आहेत, वर विजेच्या तारा. आतले पळतील म्हणून नाही, त्यांना पळायला आठवडा लागेल. उंदीर, सरडगुहिरे आणि शिकारीण आत येऊ नयेत म्हणून. आणि होनोलुलूत त्यानं जॉर्जला सांभाळलं. जॉर्ज ही अ‍ॅचाटिनेला अपेक्सफुल्वा जातीची शेवटची गोगलगाय. अर्धी नर, अर्धी मादी, तरी दुसरं कुणी लागतंच. बरीच वर्षं शोधलं, मिळालं नाही. १ जानेवारी २०१९ रोजी, चौदा वर्षांची होऊन जॉर्ज गेली. तिच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा त्यानं आधीच काढून गोठवून ठेवला होता. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून.

आशा सोडायची सवय त्याला नाही. ताहितीत पार्टुला हायलिना ही पांढरी गोगलगाय मात्र वाचली, ती का वाचली हे बघायला मिशिगनच्या संशोधकांनी जगातले सगळ्यांत छोटे संगणक शिकारिणींच्या पाठीवर चिकटवले. हायलिनाच्या पाठीला हात लावायची परवानगी नव्हती, तेव्हा तिच्याशेजारी पानाखाली ठेवले. निष्कर्ष: पांढरी उन्हात बसू शकते, शिकारिणीला तेवढं ऊन सोसत नाही. रंगाला उपयोग असतो, हे ऐकून ग्यूलिकनं भुवई उडवली असती.

प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या पार्टुला आता पुन्हा त्यांच्या बेटांवर सोडतात, ओळख पटावी म्हणून शंखावर लाल रंगाचा ठिपका देऊन. २०२४ साली मूरेआवर पार्टुला तोहिवेआना जातीच्या पूर्ण वाढलेल्या गोगलगायी सापडल्या, ठिपका नसलेल्या. म्हणजे रानातच जन्मलेल्या. ‘रानातून नामशेष’ या रकान्यातून त्या जातीचं नाव निघालं. शंखवेडा नाचला नसावा. तारीख लिहिली असेल, खोऱ्याचं नाव लिहिलं असेल, पेन्सिलीनं.

तुम्ही हवाईला, ताहितीला फिरायला जाणारच असाल, पोरगा किंवा लेक तिकडे कामाला असेल, तर एवढं करा: रानाच्या वाटेवर शिरण्याआधी बुटांचे तळ ब्रशनं घासा, काही ठिकाणी ब्रश ठेवलेले असतात. चिखलातून अंडी जातात, बिया जातात. आणि वाटेत एखादा माणूस झुडपात डोकं घालून बसलेला दिसला, तर काय हरवलं म्हणून विचारू नका. तुमची संध्याकाळ जाईल.