जुगाराच्या नगरीत बिनजुगारी बिऱ्हाड

चॅन्डलर, ॲरिझोना
ता. १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आप्पाकाका यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. निवृत्त होऊन इतकी वर्षे लोटली तरी वाईच्या मामलेदार कचेरीतील अव्वल कारकुनाची लेखणी आपण अद्याप खाली ठेवलेली नाही, हे त्या पत्रातील अनुक्रमांकित कलमांवरून आणि प्रत्येक कलमाखाली आमच्या उत्तरासाठी सोडलेल्या कोऱ्या जागेवरून ध्यानी आले. अमेरिकेस येऊन हूव्हर धरण पाहावयाचे, आणि तिथवर गेलोच तर पुढे पाऊण तासाच्या अंतरावर असलेले लास व्हेगस नामक नगरही ‘केवळ अवलोकनार्थ’ नजरेखालून घालावयाचे, हा आपला मनोदय वाचून आम्हां सर्वांस आनंद झाला. मात्र ‘मुक्काम मुख्य रस्त्यापासून दूर असल्यास हरकत नाही, भाडे वाजवी असावे, जागा स्वच्छ असावी, आणि तुझ्या काकूस रात्री नऊ वाजता झोप लागावी’ अशा ज्या अटी आपण घातल्या आहेत, त्यांपैकी शेवटची अट त्या नगरात आजवर कोणी घातली असेल असे मला वाटत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब तिकडे जाऊन आलो, तेव्हा जे पाहिले व पुढे चौकशीअंती जे समजले, ते आपल्या कलमांच्या अनुरोधाने निवेदन करतो.

आपण महसूल खात्यातले, म्हणून हद्दीच्या प्रश्नापासून आरंभ करणे उचित. ज्या रस्त्याची झगमगती चित्रे आपण दूरदर्शनवर पाहिलीत, तो सुमारे ६.८ किलोमीटर लांबीचा ‘स्ट्रिप’ बहुतांशी लास व्हेगस शहराच्या हद्दीत येतच नाही. तो क्लार्क परगण्यातील पॅराडाइज या वस्तीत मोडतो. आणि ही वस्ती १९५० साली कागदोपत्री जन्मास आली ती मुळी शहराने आपली हद्द वाढवून त्या रस्त्यावरील जुगारगृहांवर कर बसवू नये एवढ्याचसाठी. कर टाळण्याच्या इच्छेस स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाल्याचे उदाहरण आपल्या संपूर्ण सेवाकाळात आपणांस आढळले नसेल. खरे शहर त्याच्या उत्तरेस आहे. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने तेथील भूखंडांचा लिलाव पुकारला आणि त्या दिवसापासून या नगराचे दफ्तर सुरू झाले. जुगारास मात्र नेव्हाडा राज्याने १९३१ साली मुभा दिली, आणि धरणाचे कामही त्याच वर्षी सुरू झाले. मजुरांचा पगार आणि तो घालविण्याची सोय एकाच वर्षी उपलब्ध व्हावी, हा योगायोग चिंतनीय आहे.

आता भाड्याचे कलम. आषाढी एकादशीस पंढरपुरात महाद्वाराजवळच्या खोलीचे भाडे आणि एरवीच्या एखाद्या मंगळवारी त्याच खोलीचे भाडे यांत जे अंतर पडते, ते येथे दर आठवड्यास पडते. रविवार ते गुरुवार जी खोली गरिबाच्या आवाक्यात असते, तीच शुक्रवारी संध्याकाळी त्याला ओळख दाखवीत नाही. पूर्वी, म्हणजे गेल्या शतकाच्या मध्यास, येथील मालक खोली व भोजन मुद्दाम स्वस्त ठेवीत, कारण पाहुणा उशीवर जे वाचवील ते पटावर ठेवून जाईल अशी त्यांस खात्री असे. त्यामुळे जुगारी माणसाच्या पैशातून आपल्यासारख्या बिनजुगाऱ्याच्या पलंगाचा खर्च परस्पर भागत असे, आणि ही परोपकाराची व्यवस्था दोन्ही पक्षांस नकळत सुरळीत चालली होती. परंतु शतक संपता संपता स्ट्रिपवरील मोठ्या हॉटेलांचे खोल्या, भोजन आणि करमणूक यांचे उत्पन्न जुगाराच्या उत्पन्नाहून अधिक होऊ लागले, आणि तेव्हापासून ज्याचा पलंग त्याच्याच माथी आला. खोलीच्या भाड्याशिवाय ‘रिसॉर्ट फी’ या नावाची एक रोजची आकारणी असते, तिचा आकडा पुष्कळ ठिकाणी ४० ते ५० डॉलरांच्या घरात जातो, आणि आपण हॉटेलाच्या पोहण्याच्या तलावात पाय बुडविला नाही, व्यायामशाळेचा दरवाजा कोठे आहे हेही विचारले नाही, तरी ती माफ होत नाही. त्यावर १३ टक्क्यांहून अधिक कर. जी गाडी उभी करण्यास दमडी पडत नसे, तिच्याही भाड्याचा पायंडा २०१६ पासून स्ट्रिपवर पडला. समाधानाची गोष्ट एवढीच की, १२ मे २०२५ पासून मध्यवर्ती सरकारच्या नियमाने अशा सक्तीच्या आकारण्या मिळवूनच एकंदर रक्कम प्रथमदर्शनी दाखवावी लागते. सरकारी कर त्यातून वगळण्याची मात्र मुभा आहे. अशा सवलतीत सरकार स्वतःला कधी विसरत नाही, हे आपणांस मी सांगावयास नको.

काकूंच्या दृष्टीने स्ट्रिपवरील खोलीत आणखी दोन अडचणी संभवतात. एक म्हणजे, अशा पुष्कळ खोल्यांत चहाचे पाणी तापविण्याचे साधन नसते, कारण पाहुण्याने सकाळी खाली उतरून चहा विकत घ्यावा आणि जाता-येता यंत्रांच्या रांगांतून फिरावे असा धोरणी हेतू त्यामागे असतो. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. काही खोल्यांतील छोट्या शीतकपाटातल्या बाटल्या अशा विद्युत्-योजनेवर ठेवलेल्या असतात की बाटली जागची हलली म्हणजे ती प्राशन केली असे गृहीत धरून तिची किंमत बिलात चढते. नव्या जागी गेल्यावर प्रथम सर्व कपाटे रिकामी करून, कागद अंथरून, स्वतःचे डबे नीट लावल्याशिवाय काकूंस स्वस्थता लाभत नाही हे सर्वश्रुत आहे. चकलीच्या डब्यास जागा करण्याच्या त्या पवित्र कार्यात आपल्या नावावर अर्ध्या घटकेत जी मद्याची बाकी निघेल, तिचा खुलासा वाईस परतल्यावर ज्ञातिबांधवांपुढे करणे आपणांस जड जाईल.

म्हणून स्ट्रिप सोडून अन्यत्र पाहावे लागते, आणि तेथे चार तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा जुन्या शहरातील फ्रीमाँट रस्त्याची. येथील गोल्डन गेट हे हॉटेल १९०६ सालचे. त्या काळी खोलीचे भाडे दिवसाला एक डॉलर होते, आणि गावात दूरध्वनी आला तेव्हा त्याला क्रमांक एक मिळाला. एल कोर्टेझ १९४१ सालचे असून राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे. त्यातील जुन्या धाटणीच्या खोल्यांस केवळ जिन्याने जाता येते, ही गोष्ट काकूंच्या गुडघ्यांच्या माहितीसाठी नमूद करतो. भाडी येथे सहसा स्ट्रिपहून हलकी असतात. परंतु १९९५ पासून या रस्त्याच्या चार चौकांवर एक भव्य छत घातलेले असून रात्री त्यावर चित्रे पळतात, त्याखाली संगीत गर्जते, आणि दोरास लटकलेली माणसे आरोळ्या ठोकीत डोक्यावरून जातात. नऊ वाजताच्या कलमाशी याचा मेळ बसत नाही. शिवाय सर्का या हॉटेलात २१ वर्षांखालील कोणासही प्रवेश नाही, तेव्हा आमच्या चि. रेवा आणि चि. अर्णव यांस कोणाच्या ओटीत घालावयाचे हा प्रश्न उरतो.

दुसरी तऱ्हा स्थानिक रहिवाशांच्या जुगारगृहांची, आणि तीच मला सर्वांत विचारार्ह वाटली. महामार्गाच्या पश्चिमेस असलेली गोल्ड कोस्ट आणि ऑर्लीन्स, बोल्डर हमरस्त्यावरचे सॅम्स टाउन, अगदी दक्षिणेकडील साउथ पॉइंट, या ठिकाणी प्रवाशांपेक्षा गावकऱ्यांचा राबता अधिक. कोणी चित्रपट पाहावयास, कोणी चेंडूने लाकडी बाहुल्या पाडण्याचा खेळ खेळावयास, कोणी आजीआजोबांस जेवू घालावयास येतो. साउथ पॉइंटला तर अश्वस्पर्धांचे प्रशस्त क्रीडागार असून घोड्यांसाठी वातानुकूलित तबेले आहेत, आणि त्या उष्णतेत ते पाहून काही क्षण आम्हांस घोड्यांचा हेवा वाटला. येथे गाडी फुकट उभी राहते, जेवणाचे दर माणुसकीचे असतात, आणि याचे कारण मालकांच्या अंतःकरणात शोधण्याची गरज नाही. स्ट्रिपवर आलेला प्रवासी पुन्हा येईल की नाही हे कोणासच ठाऊक नसते, म्हणून त्याच्याकडून जे वसूल करावयाचे ते एकाच भेटीत केले जाते. गावातला गिऱ्हाईक मात्र पुढल्या शनिवारी पुन्हा येणार असतो आणि गेल्या शनिवारचे बिल त्याच्या स्मरणात असते. परक्या मुलुखात वाजवी भाव हवा असेल तर जेथे त्या मुलुखातील माणसे स्वतः जातात तेथे जावे, एवढाच बोध मी त्या नगरातून घेऊन आलो. अर्थात ही हॉटेलेही रिसॉर्ट फी आकारतात, स्वागतकक्षातून खोलीकडे जाणारी वाट येथेही यंत्रांच्या कडेकडेने जाते, आणि मुलांस त्या वाटेने चालता येते, पण रेंगाळता येत नाही. चि. अर्णवास कोठेही न रेंगाळता चालविणे ही कामगिरी आपण स्वतः अंगावर घ्यावी.

तिसरी तऱ्हा जुगारच नसलेल्या हॉटेलांची. स्ट्रिपच्या पूर्वेस पॅराडाइज रोडवर आणि अधिवेशनगृहाच्या परिसरात, मुख्यतः कामानिमित्त येणाऱ्या लोकांसाठी बांधलेली ही साधी हॉटेले आहेत. त्यांपैकी कित्येकांत खोलीतच लहानसे स्वयंपाकघर असते, सकाळचा नाश्ता भाड्यातच मिळतो, रिसॉर्ट फी बहुधा नसते, आणि दारापासून पलंगापर्यंत जाताना कोणी आपले नशीब विचारीत नाही. दोष एवढाच की येथे पाहण्यासारखे काहीही नाही. पण आपण तेथे नऊ वाजता निजणार असल्याने तो दोष आपणांस बाधत नाही.

चौथी तऱ्हा ऐकून आपण संतुष्ट व्हाल. धरणापासून काही मैलांवर, आणि स्ट्रिपपासून सुमारे २५ मैलांवर, बोल्डर सिटी नावाचे टुमदार गाव आहे. १९३१ साली मध्यवर्ती सरकारने ते धरणावरील कामगारांसाठी वसविले, तेव्हा मद्य आणि जुगार या दोहोंस तेथे बंदी होती. मद्यावरील बंदी १९६९ साली उठली; जुगारावरील बंदी आजतागायत कायम आहे. १९३३ साली बांधलेले बोल्डर डॅम हॉटेल तेथे अद्याप उभे असून त्यातच धरणाच्या बांधणीचे संग्रहालय आहे. धोम धरणाच्या पुनर्वसनाचे दफ्तर ज्यांनी सांभाळले, त्यांनी ७२६ फूट उंचीचे धरण पाहून आल्यावर जुगारगृहात उतरण्यापेक्षा त्या धरणाच्या मजुरांच्या गावी उतरणे अधिक शोभून दिसेल.

वाहनाविषयी थोडक्यात सांगतो. स्ट्रिपवरून जुन्या शहरापर्यंत ड्यूस नावाची दुमजली बस अहोरात्र धावते. २००४ साली सुरू झालेली मोनोरेल स्ट्रिपच्या पूर्वेकडील हॉटेलांच्या पिछाडीने जाते, परंतु विमानतळासही जात नाही आणि फ्रीमाँटलाही जात नाही. पायी चालण्याचा मोह धरू नये. तेथील इमारती इतक्या अजस्र आहेत की समोर दिसणारे द्वार हाकेच्या अंतरावर वाटते आणि चालू लागल्यावर क्षितिजाप्रमाणे मागे सरते.

काळही विचारपूर्वक निवडावा लागेल. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मोटारींची शर्यत स्ट्रिपवरच भरते, डिसेंबरच्या पूर्वार्धात घोडेस्वारांची राष्ट्रीय स्पर्धा असते, आणि जानेवारीच्या प्रारंभी विद्युत्-उपकरणांचे प्रदर्शन भरून गावातला पलंगन् पलंग भाड्याने जातो. यांच्या मधली फट म्हणजे नाताळाच्या आधीचा आठवडा; तेव्हा गाव रिकामे असते, भाडी खाली येतात, आणि थंडीही वाईकरांस सोसवेल इतपतच असते. तुळशीचे लग्न उरकून निघालात तर चॅन्डलरला विश्रांती घेऊनही तो आठवडा साधेल.

आपल्या शेवटच्या कलमाचे उत्तर देताना मात्र मला संकोच वाटतो. ‘मी जुगार खेळणार नाही, परंतु तेथील सरकारी लॉटरीचे एखादे तिकीट स्मरणार्थ घेण्यास प्रत्यवाय नसावा’ असे आपण लिहिले आहे. महाराष्ट्र सरकारने १९६९ साली लॉटरी सुरू केल्यापासून आपण तिच्याशी जी निष्ठा राखली, तिला परदेशातही स्थान मिळावे ही इच्छा स्वाभाविक होय. परंतु नेव्हाडाच्या राज्यघटनेने सरकारी लॉटरीस मनाई केली आहे. ज्या राज्यात विमानतळावर पाऊल ठेवताच जुगाराची यंत्रे स्वागतास उभी असतात, त्या राज्यात लॉटरीचे तिकीट मिळत नाही; ते हवे असल्यास लास व्हेगसची माणसे वाळवंटातून मोटार हाकीत प्रिम गावानजीकची सरहद्द ओलांडतात आणि कॅलिफोर्नियाच्या दुकानापुढे रांग लावतात. आपण तेथे जाण्याचा आग्रह धरू नये, कारण पेट्रोलचा खर्च तिकिटाच्या किमतीच्या कितीतरी पट होईल, आणि तो हिशेब काकूंस मीच देणार आहे.

सबब माझी शिफारस अशी की, प्रथम बोल्डर सिटीत उतरून धरण सावकाश पाहावे, नंतर पॅराडाइज रोडवरील स्वयंपाकघर असलेल्या हॉटेलात मुक्काम हलवावा, एका संध्याकाळी गावकऱ्यांच्या एखाद्या हॉटेलात पोटभर जेवून मग स्ट्रिपवरील दिवे बसच्या वरच्या मजल्यावरून पाहावे, आणि काकूंच्या वेळेस परतावे. दोन्ही ठिकाणच्या खोल्या मी रद्द करता येतील अशा बोलीवर धरून ठेवतो. कलमवार मंजुरी पाठवावी; सर्व कलमे नामंजूर झाल्यास कारणे लिहावीत.

सौ. व मुलांचे नमस्कार. वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक पुतण्या,
श्रीकांत

ता. क. – काकूंस सांगावे की हॉटेलातील स्वयंपाकघरात सर्व काही करता येते, फक्त फोडणी करता येत नाही. तेथील खिडक्या उघडत नाहीत, आणि मोहरीचा पहिला धूर छतास लागताच इमारतीतील धोक्याची घंटा वाजून सर्व मजल्यांवरील माणसे अंगणात जमतात. उपम्याची कोरडी तयारी चॅन्डलरलाच करून नेऊ. एवढ्या करमणुकीच्या गावात आपली भर नको.