वेताळ आणि माझा अंगठा

माझ्या नवऱ्याला निसर्गाची फार आवड आहे, असं लग्नाआधी सासरच्या मंडळींनी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त निसर्गाच्या पुढ्यात फोटो काढायला त्याला दर वेळी एक इंद्रजाल कॉमिक लागतं आणि ते धरून उभं राहायला एक माणूस लागतं, एवढंच सांगायचं राहून गेलं.

ज्यांचं बालपण इंद्रजालविना गेलं त्यांच्यासाठी थोडं सांगते. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी मार्च १९६४ मध्ये ही कॉमिक्स काढली आणि १९९० मध्ये बंद केली. त्यांत ली फॉकचे वेताळ आणि मॅन्ड्रेक होते, फ्लॅश गॉर्डन होता, पुढे आबिद सुरतींचा बहादूर आला. मराठीतही ती निघायची. सुरुवातीला किंमत साठ पैसे. आज त्यातल्या एखाद्या धड प्रतीसाठी नवरा जो आकडा फोनवर हळू आवाजात बोलतो, तो मला ऐकू येत नाही असं त्याला वाटतं.

धड प्रत म्हणजे काय, हे मला आता झोपेतही सांगता येईल. कव्हर सुटलेलं नको, पिना गंजलेल्या नकोत, मधलं पान गायब नको, शब्दकोडं पेनाने सोडवलेलं नको. कागद स्वस्तातला, त्यातल्या लिग्निनमुळे ऊन लागलं की पिवळा पडतो. दमट हवेत पिना गंज धरतात आणि तो गंज कागदात उतरतो. म्हणून घरी ही कॉमिक्स प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून, अंधाऱ्या कपाटात असतात. त्या कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्या ठेवायच्या की नाही यावर आमच्याकडे जितकी चर्चा झाली, तितकी मुलाच्या शाळेवरही झाली नाही. आणि हीच कॉमिक्स ऊन, वारा आणि खारी हवा खायला आमच्याबरोबर महाराष्ट्रभर हिंडतात. यात काही विसंगती आहे असं मी एकदा सुचवलं. ‘पिशवीतून काढलं नाही तर चकाकी येते,’ असं उत्तर मिळालं.

फोटोचा नियम असा की जागा गोष्टीला शोभली पाहिजे. मॅन्ड्रेक माणसांना भुरळ घालून नसलेलं दाखवतो, म्हणून तो सप्टेंबरात कासच्या पठारावर. तिथली फुलं फोटोत तशीही खरी वाटत नाहीत. बहादूरला डाकूंच्या मागे धावायला दऱ्याखोरी हवीत. चंबळ लांब पडतं, म्हणून निघोजला कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांवर भागवलं. फ्लॅश गॉर्डनला मात्र परग्रहच लागतो. उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेलं विवर बुलढाणा जिल्ह्यात आहे हे नवऱ्याला कळलं, आणि दिवाळीची सुट्टी लोणारला गेली.

लोणारला लोक देवळं बघतात, मोर बघतात, खाऱ्या पाण्याचा वास घेतात. मी दोन्ही हात लांब करून, श्वास रोखून, कॉमिक धरून उभी होते, कारण वाऱ्याने कव्हर फडफडत होतं. २०२० च्या जूनमध्ये या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, त्याची नवऱ्याला अजून हळहळ आहे. तो रंग त्याच्याकडच्या एका कव्हरशी अगदी जुळला असता म्हणे. जग लॉकडाऊनमध्ये कशाकशाला मुकलं होतं, हा गुलाबी रंगाला.

अशा सहलींचे फोटो सासूबाईंना दाखवताना पंचाईत होते. ‘तू कुठे आहेस यात?’ त्या विचारतात. मी कोपऱ्यातला अंगठा दाखवते. तोही अलीकडे रंग न लावलेला, कारण लाल नेलपॉलिश वेताळाच्या जांभळ्या कपड्यांशी भांडतं. ली फॉकला ते कपडे खरं तर राखाडी हवे होते, ही माहिती मला पार्लरच्या दारात देण्यात आली.

वेताळावर नवऱ्याचा विशेष जीव. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर देवळाजवळ उगवतीच्या उन्हात त्याचे इतके फोटो झालेत की रोज फिरायला येणारे आजोबा आता ‘आज कुठला अंक?’ म्हणून विचारतात. पण नवऱ्याच्या मनात होतं आरवली. वेंगुर्ल्याकडच्या या गावचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. कवटीच्या गुहेतला वेताळही जंगलाची राखणच करतो. नवऱ्याच्या दृष्टीने दोघांची गाठ घालून देणं आता कर्तव्य होतं.

देवळाबाहेर त्याने अंक काढला. मी सवयीने अंगठा तयार ठेवला. तेवढ्यात सावलीत बसलेले एक वयस्क गृहस्थ पंचा खांद्यावर टाकत उठून आले.

‘देवाचो फोटो नको, पुस्तकाचो होयो?’

नवऱ्याने समजावलं की हासुद्धा वेताळच, राखणदार. गृहस्थांनी कव्हर निरखलं. घोड्यावर बसलेला, तोंडाला मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलं.

‘ह्येच्या चपला खंय?’

‘बूट आहेत.’

‘घोडो आसा. म्हणजे चपलांचो खर्च नाय.’ एवढ्यावर त्यांनी आमच्या वेताळाची पत ठरवली आणि अंक हातात घेतला. पायरीवर बसले. मग बोट जिभेला लावलं, आणि पान उलटलं.

नवऱ्याच्या तोंडून आवाज फुटला नाही. पिशवी, पुठ्ठा, अंधारं कपाट, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं मला दिसलं. देवाच्या दारात वडीलधाऱ्या माणसाच्या हातातून पुस्तक ओढून घेण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. गृहस्थ मात्र रंगात आले होते. प्रत्येक पानाला बोट ओलं होत होतं. कोपरे मऊ पडत होते. मध्येच ‘मार, मार त्येका’ असं वेताळाला प्रोत्साहनही मिळालं. मी पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे सोडून समोरच्या माडांकडे बघत होते.

शेवटचं पान झालं. त्यांनी अंक मिटला, पंच्याने पुसला आणि नवऱ्याकडे अपेक्षेने पाहिलं.

‘फुडचो भाग हाडलात मां?’